मुनीमला विंचरताना

अठराशे रुपये? मोरेश्वर फोनवर म्हणाले,
एवढ्यात माझी दीड वर्षाची कटिंग होते.
आणि फोन ठेवला.
म्हणून आज नेरुळच्या बाल्कनीत
गेल्या आठवड्याचे पेपर अंथरून
त्यावर मुनीम.

साडेसहा किलो. ल्हासा,
निदान विकणाऱ्याने तरी तसं सांगितलं होतं.
दाढी छातीपर्यंत, भुवया डोळ्यांवर,
कुणाचं तरी थकलेलं खातं तपासत बसल्यासारखा चेहरा,
म्हणून मुनीम.

आधी पाणी लावायचं नाही.
हे मी मागच्या दिवाळीत शिकले:
अभ्यंगस्नान आधी घातलं
आणि काखेतला गुंता असा आवळला
की नारळाचा काथ्या बरा.
कात्री लावावी लागली. महिनाभर
मुनीम एका बगलेने उघडा हिंडला.

तर आधी कोरडं.
गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर,
मंच्युरियनसाठी आणलेलं, तसंच पडून होतं.
मग टोकाकडून, मुळाकडून कधीच नाही,
बोटांनी दोन-दोन केस सोडवत,
मग मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक.

कानामागे काय काय निघतं!
बागेतलं कुसळ,
बुधवारच्या पोळीचा तुकडा,
मोरेश्वरांच्या लुंगीचा निळा धागा.
हे म्हणे कुत्र्याला मांडीवर घेत नाहीत.
धागा त्यांच्यापुढे धरला.
"वाऱ्याने गेला असेल," म्हणाले,
आणि त्याची हनुवटी धरायला खाली बसले,
दोन्ही गुडघे वाजवत.

शेपटीच्या बुडाशी एक गाठ, सुपारीएवढी.
कंगवा अडला. मुनीम कळवळला,
दात नाही दाखवले, नुसतं वळून पाहिलं.
तेव्हा माझ्या डाव्या हाताने आपणहून
ती बट मुळाशी धरली,
कातडीला लागून, घट्ट,
आणि उजव्याने मुठीच्या पुढे कंगवा ओढला.
मुनीमला कळलंसुद्धा नाही.
ताण मुठीपर्यंत आला नि तिथेच जिरला.

हात तसाच राहिला माझा.

वाशी. सिडकोची बैठी खोली, सव्वासहा.
आईची तुर्भ्याला पहिली पाळी,
गोळ्यांच्या पॅकिंगला.
पावणेसातला कंपनीची बस.
तीन मुली, सहा वेण्या, एक कंगवा.
आधी वैजू, मग रत्ना,
माझ्या वाट्याला उरलेली मिनिटं.
डाव्या मुठीत माझे केस
मुळाशी असे आवळून धरायची
की मान हलवता यायची नाही.
चाळीस वर्षं मी सांगत आले,
आमची आई झिंज्या धरायची.
सासरी सांगितलं, वैजूच्या डोहाळजेवणात सांगितलं,
ती होती तेव्हा तिच्यासमोर सांगितलं.
हसली. मेथी निवडत राहिली.

कंगवा लागल्याचं मात्र
एकदाही आठवत नाही मला.
एकदाही नाही.
हे आज कळतंय, कुत्र्याच्या शेपटीशी.

"काय झालं गं?"
काही नाही. पाय बदला, मुंग्या येतील.

मग कोमट पाण्याच्या दोन बादल्या,
आणि बाथरूममध्ये कुत्रा निम्मा झाला,
दाढी लोंबणारा भिजका उंदीर.
टॉवेल. ड्रायर, सगळ्यात कमीवर.
तो भुंकत होता ड्रायरवर,
आणि मी, खांदा नि कानात फोन धरून, रत्नाशी.
"तुला आठवतं, आई वेण्या घालताना..."
"झिंज्या ना?" ती खळखळून हसली,
"तू तर शाळेपर्यंत रडत जायचीस."
नाही गं, ऐक, म्हटलं,
आणि ऐकवलं सगळं, मुठीचं, ताणाचं.
ड्रायरमधून तिला किती पोचलं कोण जाणे.
"बरं," म्हणाली, "कुकर लावलाय, नंतर करते."

पेपरवर केसांचा ढीग,
त्यातून आणखी एक मुनीम झाला असता.
पहिला सोफ्याखाली जाऊन
ओली दाढी पायपुसण्यावर घासतोय,
दाबून, मन लावून.
गुरुवारपर्यंत पुन्हा गुंता.
असू दे.
डाव्या हाताची बोटं मात्र अजून
थोडी वळलेलीच आहेत.